पायऱ्यांवरचं नाटक

मंडळी, आताच आदिलाबादहून घरी आलो. हसून हसून गाल दुखून राह्यले, तरी लिहितो.

आमची बेला गावची नाटक मंडळी गावात ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून त्यावर नाटक करते. आज पयल्यांदाच शहरातल्या नव्या सभागृहात प्रयोग होता. एसी, मऊ खुर्च्या, सारं काही. माझं काम सासूचं.

पडद्याआडून पाह्यलं तर सभागृह रिकामं. 

लुगडं सावरत बाहेर धावलो, तर नाटक पाहाले आलेलं आमचं अर्धं गाव सभागृहाच्या समोरच्या रुंद पायऱ्यांवर बसलेलं. आमच्याकडं नाटकाला दुपारपासूनच सतरंज्या टाकून जागा धरतात. दार उघडायच्या आधीच लोक आले, पायऱ्या दिसल्या, जागा धरली.

"आत्या, आत चाल न," मी माझ्या आत्याला म्हणालो.

"काऊन? इतली चांगली जागा भेटली. उठली तर दुसरं कोणी बसन."

कोणीच हललं नाही. मग आमीच पायऱ्यांसमोरच्या मोकळ्या फरशीवर उतरलो. सभागृहाचा मॅनेजर आधी चिडला, मग त्यानंच माइकची वायर बाहेर ओढून आणली. बाजारातून परतणाऱ्या तेलुगू बायाही टोपल्या घेऊन बसल्या. त्यांना भाषा किती कळली माहीत नाही, पण सासूला पाहून पोट धरून हसल्या.

निघताना आत्या म्हणते, "जागा मस्त बांधली रे. पण पायऱ्यांच्या मांगं एवढं मोठं घर कायले बांधलं?"

बांधणाऱ्याला हे सांगावं का, तुमीच सांगा.