कोटेशनराव पहिल्यांदाच विकायला बसले

रुग्णालयाच्या खरेदी विभागात त्यांनी बत्तीस वर्षं काढली आणि या बत्तीस वर्षांत तीन कोटेशनं मागवल्याशिवाय टाचणीसुद्धा घेतली नाही. म्हणून तिथले लोक त्यांना पाठीमागे कोटेशनराव म्हणत. पाठीमागे म्हणत, पण पुढे ऐकू येईल एवढ्या आवाजात. त्यांना राग यायचा नाही. उलट निवृत्तीच्या भाषणात त्यांनी स्वतःच ते नाव जाहीर करून टाळ्या घेतल्या. त्या टाळ्या आपण निघालो म्हणून होत्या, हे कळायला आपल्याला दोन वर्षं लागली, असं आता ते सांगतात.

घरीही तोच खाक्या. पडदे, पंखा, कुकर, सगळं तीन दुकानांचे भाव कागदावर मांडून. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बायकोला शिलाई मशीन हवं होतं, तेही मोटरचं. तीन कोटेशनं आली, पायाचं सर्वांत स्वस्त पडलं, म्हणून नियमाप्रमाणे पायाचं आलं. बायकोने तेच चालवायला घेतलं. गुडघे तिचे होते आणि तेव्हा ते तरुण होते.

त्याच मशीनवर ती आठ खिशांची पिशवी शिवायची. जाड कापड, दुहेरी शिवण. एक खिसा चष्म्याला, एक किल्ल्यांना, एक गोळ्यांना, एक छत्रीला, असं करत आठवा खिसा कशाला, विचारलं तर म्हणायची, "जे कुठेच बसत नाही, त्याला." पहिली पिशवी स्वतःसाठी झाली, दुसरी नणंदेने उचलली, आणि मग इमारतीतल्या बायका रांगेने आल्या. शेवटी त्या नणंदेची मुलगी, म्हणजे कोटेशनरावांची भाची, जी दिवसभर कॉम्प्युटरसमोरच बसलेली असते, ती म्हणाली, "मामी, आपण वेबवर दुकान काढू या."

आठवड्याभरात तिने दुकान उभं केलं. पिशव्यांचे फोटो, किमती आणि खाली हिरवं बटण: पैसे भरा. बटण दाबलं की काहीच व्हायचं नाही. गिऱ्हाइकाने कार्डाने भरलेले पैसे गोळा करायचे, आपलं कमिशन कापायचं आणि उरलेले दुकानदाराच्या खात्यात टाकायचे, हे काम करणाऱ्या कंपन्या असतात. त्यातली एक निवडायची राहिली होती.

"मामा, तेवढं तू बघ," भाची म्हणाली. "तुला खरेदीचा अनुभव आहे."

आयुष्यात इतकं मूर्ख वाक्य आपण दुसरं बोललो नाही, असं भाची आता म्हणते. मामा म्हणतात, वाक्य ठीक होतं, माणूस चुकला.

बायकोची एकच अट होती. डॉक्टरांनी तिला पायडल मारणं कमी करायला सांगितलं होतं. "पहिल्या कमाईतून मी मोटरचं मशीन घेणार," ती म्हणाली. "तुमच्या पेन्शनचं नको. माझ्या पैशांचं. आणि एकाच दुकानातून, भाव न करता."

भाव न करता, हे कोटेशनरावांनी दोनदा विचारून घेतलं आणि मान डोलावली. मग कपाटातून जुनी फाईल काढली आणि तीन कंपन्यांना पत्रं लिहिली: आपले दर सीलबंद पाकिटात पंधरा दिवसांच्या आत सादर करावेत.

पाकीट एकही आलं नाही. एका कंपनीच्या पानावर मात्र कोपऱ्यात चौकट उघडली: नमस्कार, मी आपली काय मदत करू? कोटेशनरावांनी जावक क्रमांक आणि तारीख घालून सविस्तर उत्तर दिलं. पलीकडून पुन्हा तेच: नमस्कार, मी आपली काय मदत करू? असं चौदा वेळा झालं. इतका शांत आणि नम्र कारकून त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. त्याच्या वरिष्ठांना प्रशंसापत्र लिहायला ते बसले, तेव्हा भाचीने सांगितलं की मामा, तिथे माणूसच नाहीये. पत्राचा मसुदा त्यांनी अजून जपून ठेवला आहे. कोणी घरी आलं की दाखवतात.

दुसऱ्या कंपनीची मुलगी फोनवर सापडली. तिच्याशी त्यांनी चार दिवस घासाघीस केली आणि निवड झाली तर वर्षभर दुसरीकडे जाणार नाही असं लिहून देऊन पाव टक्का कमी करून घेतला. त्या आनंदात ते संध्याकाळभर शीळ घालत फिरले. तिसऱ्या कंपनीने उत्तरच दिलं नाही, पण तीन म्हणजे तीन, म्हणून तिचाही रकाना भरला. तुलनात्मक तक्ता तेवीस रकान्यांचा झाला. तो जेवणाच्या टेबलावर पसरलेला असल्यामुळे दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती.

अडीच महिने गेले. कपाटावर पिशव्यांची चळत छताला टेकत आली. बायको दुपारी गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसायची आणि विचारायची, "झालं का?"

"छाननी चालू आहे."

"छान."

शेवटी एकदाची निवड झाली. फोनवाल्या मुलीच्या कंपनीने बाजी मारली, आणि ती पाव टक्क्यामुळे नाही. तिच्या अटींमध्ये एक कलम असं होतं की ते वाचून कोटेशनरावांनी मांडीवर थाप मारली. गिऱ्हाइकाच्या हाती माल पडून पंचेचाळीस दिवस होईपर्यंत विक्रेत्याला पैसे नाहीत. तक्रार आली तर आणखी थांबायचं. बत्तीस वर्षं ज्या शिस्तीसाठी ते झगडले, ती इथे छापून आली होती. त्या रकान्यात त्यांनी वीसपैकी वीस गुण दिले.

"चांगली आहे ना कंपनी?" बायकोने सुई ओवता ओवता विचारलं.

"चांगली? अगं, नाक दाबलं की तोंड उघडतं. पुरवठादार जागचा हलू शकणार नाही."

"पुरवठादार कोण?"

"असेल कोणीतरी," ते म्हणाले आणि सही केली.

दुकान उघडलं. भाचीच्या मैत्रिणीने फोटो इकडेतिकडे पाठवले आणि पहिल्याच आठवड्यात नव्वद पिशव्या मागितल्या गेल्या. कपाटावर होत्या साठ. उरलेल्या शिवायच्या होत्या, आणि रोज दोनचार नवीन मागण्या येतच होत्या. बायकोचा चेहरा असा उजळला होता की कोटेशनरावांना स्वतःचाच अभिमान वाटला. बाराव्या दिवशी तिने चपला घातल्या, आठ खिशांची पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "मशीनच्या दुकानात जाऊन येते. पैसे खात्यात आले ना?"

कोटेशनरावांनी पान उघडलं. आकडा चांगला घसघशीत होता. त्याच्या शेजारी एक छोटं कुलूप होतं आणि खाली लिहिलं होतं: रक्कम राखीव. त्यांनी भाचीला बोलावलं. तिने अटी वाचल्या, मग पुन्हा वाचल्या.

"मामा," ती हळूच म्हणाली, "इथे पुरवठादार म्हणजे मामी आहे रे."

कोटेशनरावांनी ते कलम स्वतः पुन्हा वाचलं. आपल्या पायावर धोंडा मारून घेणारे लोक त्यांनी पुष्कळ पाहिले होते. पण अडीच महिने धोंड्यांची कोटेशनं मागवून, त्यातला सर्वांत जड निवडून, वर पाव टक्का सूट मिळवून तो मारून घेणारे आपणच पहिले, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. आणि वर्षभर कंपनी बदलता येणार नव्हती. तेही त्यांनीच लिहून दिलं होतं.

"मी देतो ना पैसे," ते म्हणाले. "नंतर तू मला दे."

बायकोने चपला काढल्या. "पहिलं मशीन तुमच्या नियमाचं होतं," ती म्हणाली. "दुसरं माझं असू दे. थांबते मी." आणि ती जुन्या मशीनवर जाऊन बसली. प्रत्येक शिवणीला मशीन थांबत होतं आणि ती गुडघा चोळत होती. आतल्या खोलीतून तो आवाज ऐकताना कोटेशनरावांना पहिल्यांदा खरी लाज वाटली.

त्यांनी कंपनीला कडक शब्दांत अर्ज लिहिला. तासाभरात उत्तर आलं: आपला अर्ज विचाराधीन आहे. हे वाक्य त्यांना स्वतःच्या सहीइतकं ओळखीचं होतं. त्याचा रबरी शिक्का त्यांच्या टेबलाच्या पहिल्या खणात असायचा. आणि तो शिक्का आठवला तसा त्यांना बादलीवाला आठवला.

रुग्णालयाला बादल्या पुरवणाऱ्या त्या माणसाचं बिल त्यांनी एकदा शिक्का तिरका उमटला म्हणून परत पाठवलं होतं. मग तारीख खोडली म्हणून. मग सोबतच्या पत्राला टाचणी गंजकी आहे म्हणून. तो दर आठवड्याला येऊन त्यांच्या टेबलासमोर उभा राहायचा. उभाच, कारण तिथे खुर्ची नव्हती. खुर्चीचा प्रस्ताव कोटेशनरावांनी फेटाळला होता, दोनच कोटेशनं आली म्हणून.

त्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. ते गेले. बादलीवाला म्हातारा झाला होता, पण त्याने ओळखलं. "या साहेब. बादली हवी?"

"नाही. म्हणजे... तुमचं बिल मी दोनदा परत पाठवलं होतं."

"तीनदा."

"तीनदा," कोटेशनरावांनी मान्य केलं. "तेव्हा तुम्ही मला काय काय शिव्या दिल्यात, ते ऐकायला आलोय."

बादलीवाला हसला. "शिव्या माझी बायको द्यायची. मी तिला सांगायचो, माणूस वाईट नाही. त्याने आयुष्यात कधी काही विकलेलं नाही, एवढंच."

"आता विकतोय," कोटेशनराव म्हणाले आणि सगळी हकीकत सांगितली. सीलबंद पाकिटं, चौदा नमस्कार, वीसपैकी वीस, काही वगळलं नाही. बादलीवाला डोळे पुसून पुसून हसला. मग उठला, एक बादली पालथी घातली आणि त्यांच्यापुढे सरकवली.

"बसा साहेब. पंचेचाळीस दिवस उभ्याने निघत नाहीत."

कोटेशनराव बसले. बराच वेळ बसले. निघताना त्यांनी त्याच बादलीची किंमत विचारली आणि तो म्हणाला तेवढे पैसे काढून दिले. बादलीवाला काळजीने त्यांच्याकडे बघत राहिला. "तब्येत बरी आहे ना साहेब?"

घरी मशीन थांबत थांबत चालू होतं. कोटेशनरावांनी बादली मशीनच्या बाजूला पालथी घातली, तिच्यावर बसले आणि एक पाय लांब करून पायडलवर ठेवला.

बायकोने वाकून खाली पाहिलं. "हे काय आता?"

"मोटर."

"किती कोटेशनं मागवलीत?"

"एकच आलं."

 तिने आपले दोन्ही पाय पायडलवरून काढून बाजूला घेतले. "मी थांब म्हटलं की थांबायचं," ती म्हणाली.

पहिल्यांदा चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला. दुसऱ्यांदा पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा शिवण नागमोडी गेली, ती तिने उसवली. मग हळूहळू जमायला लागलं. दहाएक मिनिटांत चष्म्याचा खिसा झाला, किल्ल्यांचाही झाला आणि कोटेशनरावांच्या गुडघ्यातून बारीक कळ निघाली.  पायाची गती जराशी मंदावली.

"दुखतोय?" तिने कापडावरची नजर न काढता विचारलं.

"हो गं."

"मला तीस वर्षं झाली," ती म्हणाली आणि पुढचा खिसा सुईखाली सरकवला. "चालू द्या. मी अजून थांब म्हटलेलं नाही."