सिल्वासाच्या इस्पितळाबाहेरचा कट्टा

नाशिकहून निघाले तेव्हा माझ्या पिशवीत एक शाल, थोडा चिवडा आणि भाचीसाठी मेथीचे लाडू होते. भाची म्हणजे मृणाल, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती डॉक्टर आहे आणि सध्या सिल्वासाच्या एका इस्पितळात, तातडीच्या विभागात संशोधन करते आहे. अपघाताचे, भाजलेले, छातीत दुखणारे रोगी आले की त्यांच्यावर उपचार लवकर कसे सुरू होतील आणि त्यामुळे ते धडधाकट घरी कसे जातील, हा तिचा विषय. मी जन्मभर नर्सिंग केलं, शेवटची काही वर्षं ते शिकवलंही, आता निवृत्त आहे. फोनवरून सल्ले देऊन देऊन मी तिला वीट आणला असणार, कारण एक दिवस ती म्हणाली, "मावशी, तू इथेच ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ." मला एवढं बोलावणं पुरे होतं.

बस पेठच्या पुढे घाट उतरायला लागली. भात कापून झालेली खाचरं, मधूनमधून गवताच्या उडव्या, रस्त्याकडेला मोळ्या घेऊन चाललेल्या बायका. कपराडा जवळ आलं तसा पाट्यांवरचा मजकूर गुजरातीत गेला आणि शेजारचे आजोबाही माझ्याशी गुजरातीत बोलू लागले. मी सगळ्याला "हो ना" म्हणत होते. वापी आल्यावर कळलं की त्यांनी आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल माझं मत घेतलं होतं आणि मी ते दिलंही होतं.

वापीहून सिल्वासाला शेअर रिक्षा. मला आमलीला उतरायचं होतं, मृणालची खोली तिथेच. रिक्षावाला म्हणाला, "आमली ने माजी? बेसी जाव (आमलीच ना? बसा)." मी बसले, तीही सर्वांत मागे. माझ्याबरोबरचे सगळे दुसऱ्या पाळीचे कामगार निघाले आणि गप्पांच्या नादात रिक्षावाला मला घेऊन थेट एका धागा कारखान्याच्या गेटवर पोचला. "सॉरी माजी, हमणा पाछा लई जाऊँ (आता परत नेतो)," असं म्हणून तो पाणी प्यायला गेला. मी रिक्षात बसून मजा बघत राहिले.

गेटाशी वॉचमनची हिरवी केबिन होती आणि तिच्यासमोर जमिनीवर पिवळा पट्टा. कामगार येत होते आणि पट्ट्याशी येऊन आपसूक थांबत होते. गेट सताड उघडं होतं. वॉचमन पाठ फिरवून फोनवर बोलत होता. तरी एकही पाय पट्ट्यापलीकडे पडला नाही. जवळच्या एका बाईला मी विचारलं, "अहो, गेट तर उघडं आहे, जात का नाही?"

"वॉचमन बोलवंल ना! गेटपास बघंल, मंग आत. असं कसं घुसायचं?" ती माझ्याकडे जरा कीव केल्यासारखी बघत म्हणाली. नाशिकला बँकेच्या रांगेत आम्ही काय दंगा करतो ते आठवून मला हसू आलं.

मृणालचं इस्पितळ बघून मी खरोखर खूश झाले. दारातून आत आलं की लगेच नर्स नाडी बघते, रक्तदाब घेते आणि रोग्याच्या मनगटाला लाल, पिवळी किंवा हिरवी पट्टी बांधते. लाल पट्टीवाल्याला कुणी ताटकळत ठेवत नाही. केसपेपर मागाहून निघतो. आमच्या वेळी आधी कागद आणि मग माणूस, असा कारभार होता. मी तोंड भरून कौतुक केलं, पण मृणालचा चेहरा काही खुलेना.

"आत आलेला रोगी आता अजिबात थांबत नाही, मावशी. ते सगळं आम्ही मोजलंय. तरी हार्टचे पेशंट उशिरानेच हाती लागतात. छातीत सकाळी दुखायला लागलेलं असतं आणि आमच्याकडे येईतो हृदयाचा स्नायू निकामी झालेला असतो. लोक घरीच वेळ काढतात. आता आमलीतल्या कामगारांच्या खोल्या-खोल्यांतून जाऊन समजावणार आहोत."

"भाषणं देणार म्हण की."

"तू पण ना!" ती म्हणाली, पण तिला ते लागलं. तिचे दोन रोगी त्या महिन्यात असेच गेले होते आणि त्यांच्याबद्दल बोलताना ती नखं कुरतडत होती.

तिचं मन रमावं म्हणून संध्याकाळी मी तिला बाहेर काढलं. अथालच्या पुलावर उभं राहून दमणगंगा बघितली. पाणी संथ होतं, काठावर कुणी जाळं सुकत घातलं होतं. परतताना रस्त्याकडेला उंबाडियुं मिळालं (मडक्यात पाला घालून, मडकं पालथं ठेवून भोवती जाळ करून भाजलेल्या पापडीच्या शेंगा, कंद आणि रताळी). हिरव्या चटणीबरोबर मी इतकं खाल्लं की मृणालने माझ्या वयाची आठवण करून दिली. कंदाला धुराचा वास होता आणि आतून तो लोण्यासारखा मऊ होता. त्या एका चवीसाठी मी पुन्हा तो घाट उतरेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा प्यायला इस्पितळाबाहेर पडले. गेटाच्या आत, तातडीच्या विभागाच्या दाराअलीकडे, बदामाच्या झाडाला कट्टा बांधलेला आहे. त्याच्याजवळ वॉचमनची केबिन. तिथले वॉचमन लहानूभाऊ, जवळच्या सुरंगी गावचे. त्यांचं काम एवढंच की गाड्या दाराशी लागू नयेत. चहा घेऊन परत आले तर कट्ट्यावर एक जोडपं बसलेलं. पुरुष चाळिशीतला, कंपनीच्या निळ्या शर्टात. हवेत गारठा होता आणि त्याचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. ओठ राखेच्या रंगाचे. एक हात त्याने छातीवर दाबून धरला होता.

माझ्या हातातला कप कुठे गेला मला आठवत नाही. "काय होतंय यांना?"

बाई धुळ्याकडची होती. "सकायपशी छातीमा दुखी ऱ्हायनं यास्ले (सकाळपासून यांच्या छातीत दुखतंय)," ती म्हणाली. "रिक्षा करीसन लगेच उनूत."

"लगेच आलात? मग इथे का बसलात?"

तिने लहानूभाऊंच्या केबिनकडे हळूच बोट दाखवलं. "त्या सायेब बलावतीन ना (ते साहेब बोलावतील ना)! मंग जासूत. गेटपास नै ना आम्नापास (मग जाऊ, गेटपास नाही ना आमच्याकडे)."

मला कालचा पिवळा पट्टा आठवला. दार समोर होतं, उघडं होतं. मी दारात जाऊन असा काही आवाज दिला की आतून दोन नर्स चाकाची खुर्ची घेऊन धावत आल्या.

त्याचं नाव भाऊलाल, तिचं मंगल. ईसीजीची पट्टी बघताच मृणाल औषधाच्या कपाटाकडे वळली. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सुरू झालं. मंगल माझा हात धरून बाहेर बसली होती. "वाचतीन ना, ताई?" ती परत परत विचारत होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी या प्रश्नाला ठरलेलं उत्तर देत आले, पण त्या दिवशी मी ते न देता तिला पाणी पाजलं. मला भीती वाटत होती. तो कट्ट्यावर किती वेळ बसला होता हे तिलाही सांगता येत नव्हतं.

दुपार कलल्यावर मृणाल बाहेर आली. दुखणं थांबलं होतं, रक्तदाब सावरत होता. "आजची रात्र जाऊ दे," एवढंच ती म्हणाली. मग मी तिला कट्ट्याचं सांगितलं.

"पण लहानूभाऊ कुणालाच अडवत नाहीत, मावशी!"

"नाहीच अडवत. तो बिचारा तिकडे तोंड करून गाड्या हाकतो. ही माणसं रोज ज्या गेटातून जातात, तिथे वर्दी दिसली की थांबायचं असतं. इथेही थांबली. तुझं घड्याळ दाराच्या आत सुरू होतं, पोरी. कट्टा त्यात येतच नाही."

तिने मान वळवून त्या बदामाकडे बघितलं. मग तिने डोळे पुसले आणि सरळ लहानूभाऊंकडे गेली. मी मागोमाग गेले, कारण मला त्या माणसाची काळजी वाटत होती.

लहानूभाऊंनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मी कोनाला ना नाय बोललो, म्याडम. मला वाटायचा, पेशंट आत हाय न् नातेवाईक सावलीला बसलेत."

"तुमची काही चूक नाही, भाऊ," मृणाल म्हणाली. "आम्हाला तरी कुठे दिसलं?" पण ते टोपी हातात घेऊन उभेच राहिले.

भाऊलालची रात्र पार पडली. सकाळी तो उशीला टेकून बसला होता आणि पाळी बुडाल्याची काळजी करत होता, तेव्हा मी त्याला रागावून घेतलं आणि मग मंगलच्या गळ्यात पडून रडले. आमलीला भाषणं द्यायचा बेत मागे पडला. वरिष्ठांशी बोलून मृणालने केबिन पार्किंगकडे हलवून घेतली, नर्सची खुर्ची दाराबाहेर आली आणि वेळेचं मोजमाप गेटापासून सुरू झालं. याने खरंच किती फरक पडतो ते आणखी काही महिने मोजल्याशिवाय सांगणार नाही, असं ती मला बजावून म्हणाली. संशोधक शोभते खरी.

परतीची बस घाट चढत होती, तेव्हा खाचरांवर ऊन पसरलं होतं. मांडीवर मंगलने बळेच दिलेली कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा. मी विचार करत होते की आपण दार उघडं ठेवतो आणि समजतो की काम झालं. आत येण्याची सवयच ज्याला कुणी लावली नाही, त्याला उघडं दारही बंदच दिसतं. नर्सिंगच्या कॉलेजात मी पोरींना सगळं शिकवलं, उंबऱ्याबाहेर जाऊन बघायला शिकवलं नाही.

घरी येऊन काही दिवस झाले आणि मृणालचा फोन आला. भाऊलाल तपासणीला आला होता, तब्येत उत्तम. "पण मावशी, केबिन हलवली, बाहेर नर्स बसलीये, तरी तो येऊन कट्ट्यावर बसला. हात जोडून वाट बघत!"

"अगं बाई! मग?"

"मग लहानूभाऊ गाड्या सोडून पळत आले. त्याचा हात धरून त्याला आत घेऊन आले."