रांगेतली शेवटची

आभार मानायचे, तर आधी नाव मैनाबाईंचं. गावी शेजारी राहणाऱ्या या बाई नसत्या, तर परवा भयकथेचं बक्षीस घ्यायला मी उरलेच नसते.

बक्षिसाबरोबर मिळालेला गुच्छ इथे पुण्यातल्या खोलीत सुकतोय. आज त्याला आंबूस गोड वास सुटला आणि मी थेट गावच्या जंगलात, मोहाच्या झाडाखाली जाऊन पोचले. सातवीतून माझी शाळा सुटली, ते वर्ष.

मोहाची फुलं वेचून मैनाबाई आणि मी परतत होतो. मी मागे होते. एकाएकी पाखरं गप्प झाली. वाटेच्या धुळीत ताजे पंजे दिसले.

“बाई, वाघ...”

त्यांचा चिकट हात माझ्या तोंडावर आला. जंगलात आम्ही त्याचं नाव घेत नाही.

“नाव नोको घेऊ त्याचं. तू सामने हो.”

“काऊन?”

“तुले पाहून त्याले वाटन, नाश्ता आला. माह्या हाडाईत काय हाय?”

हसतच त्यांनी मला पुढे ढकललं. बाजूची झुडपं आमच्याबरोबर सरकत होती. मी वळले नाही. मागून त्यांचा खोकला येतोय ना, एवढंच गावापर्यंत ऐकत राहिले.

तेव्हा मी ती थट्टा समजले. कथा लिहिताना कळलं, तो आधी शेवटच्यालाच धरतो. परीक्षक म्हणाले, न दिसणाऱ्या श्वापदाची भीती छान रंगवलीय.

काल आईचा फोन आला. “तो पुन्हा फिरून राह्यला. मैनाबाई मोहाले जातेच, अन् मांगंच चालते.”

बाई, एखाद्या मोसमात मी नक्की येईन. तेव्हा तुम्ही पुढे चाला, मागे मी राहीन.