पिशवी काढायची घाई न करणाऱ्या आमच्या मॅडम

डॉ. शैलजा मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते मोशीतल्या त्यांच्या दवाखान्यात. नवऱ्याच्या चाकणच्या नोकरीमागे मी लातूरहून आले होते. नर्सिंगचं सर्टिफिकेट घेऊन मुलाखतीला गेले, तेव्हा मॅडम एका आजींना हात धरून तपासणीच्या टेबलावरून उतरवत होत्या. मला म्हणाल्या, "ताई, आजींच्या चपला जरा इकडे सरकवा." तीच माझी मुलाखत.

त्याला सोळा वर्षं झाली. मॅडमच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात त्यांच्या कामाबद्दल जाणकार लिहितीलच. मी माझ्यावर गुदरलेलं सांगते.

चार वर्षांपूर्वी माझी पाळी पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस थांबेना. इतर बायकांना शहाणपण शिकवणारी मी, स्वतःचं दुखणं मात्र भीतीपोटी लपवलं. एकदा ड्रेसिंगचा ट्रे ठेवता ठेवता भोवळ आली. मॅडमनी माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि ओपीडी थांबवून मलाच तपासायला घेतलं.

गर्भाशयाचं अस्तर जाड झालं होतं. त्याचा तुकडा तपासणीला गेला. ते आठ दिवस माझा डबा अर्धा तसाच घरी परत जायचा. रिपोर्ट आल्यावर मॅडमनी आधी "कॅन्सर नाही" एवढंच सांगितलं आणि मग खुर्ची पुढे केली.

"मॅडम, पिशवी काढूनच टाका. माझ्या बहिणीची तिशीतच काढलीय."

"गरज पडली तर काढू. पण पेशींत धोक्याचा बदल नाही, मंगलताई. आधी हार्मोनची तांबी बसवू."

"तांबी? माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय की!"

"ही औषध म्हणून. हिच्यात तांबं नसतं, हार्मोन असतं. ते आतल्या आत थोडंथोडं झिरपतं आणि अस्तर पातळ होतं. सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासू. फरक नसेल तर पिशवी काढायचं मीच सांगेन."

तांबी बसवली, पण दुसऱ्या महिन्यातही रोज डाग लागत होते. वैतागून मी केबिनमध्ये गेले. "काढा ही."

मॅडम रागावल्या नाहीत. "म्हणाल तर आत्ता काढते, शरीर तुमचं आहे. पण सुरुवातीला काही महिने असं होतं. नर्सला माहीत असेल असं धरून मी नीट सांगितलं नाही. चुकलं माझं."

इतक्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्यापुढे चूक कबूल केली. मी थांबले. पुढे डाग कमी होत गेले.

सहा महिन्यांचा रिपोर्ट घेऊन मॅडम स्वतः माझ्याकडे आल्या. मी गॉझच्या घड्या घालत होते. "अस्तर अगदी ठीक झालंय," त्या म्हणाल्या, आणि मी त्या घड्यांवर डोकं टेकून रडले. मॅडम पाठीवरून हात फिरवत उभ्या राहिल्या. पुढच्या तपासणीचा रिपोर्टही चांगला आला. तो आला त्या दुपारी कितीतरी दिवसांनी मी अख्खा डबा संपवला.

आता तांबीला घाबरणाऱ्या बायकांना मॅडम माझ्याकडे पाठवतात. परवा मोशीच्याच एक काकू आल्या. "तुलाबी बसवली व्हय गं?" "व्हय काकू, मलाबी." काकूंचा चेहरा तेवढ्यानंच सैल झाला.

मॅडम, तुम्हाला ठणठणीत तब्येतीचं भरपूर आयुष्य मिळो. ते नुसतं देवावर सोडायची आमची तयारी नाही. स्वतःची तपासणी तुम्ही दोन वर्षं टाळली आहे. सोमवारी सकाळी तुमचं रक्त मी काढणार आहे. उपाशीपोटी या.