निळ्या पत्रिकांचा कागद

वाळायला ठेवलेल्या कागदावरचं फडकं मी उचललं. काल संध्याकाळी गोकर्णीच्या फुलासारखा निळा दिसलेला कागद सकाळी हिरवा झाला होता. एकच नाही, साठच्या साठ ताव. शेवाळासारखा मळकट हिरवा. मी दुसरा उचलला, तिसरा उचलला, खालचा एखादा तरी निळा निघेल म्हणून.

तो धाकट्या बहिणीच्या लग्नपत्रिकांचा कागद होता. आमच्या बौद्ध लग्नात निळा रंग मानाचा. बाबांनी तर गावाकडे फोन करकरून सांगितलं होतं, "पत्रिकेचा कागद आमच्या मोठीनं सोताच्या हातानं केलाय. केळीचा!" चार दिवसांनी ताव छापखान्यात द्यायचे होते.

कागद करायला मला तारोडी गावच्या एका आंटींनी शिकवलं. त्यांची केळीची लहानशी वाडी आहे. मी काशीमीऱ्याला एका गोदामाच्या ऑफिसात काम करते आणि सुटीच्या दिवशी बस पकडून त्यांच्याकडे जाते. घड उतरवल्यावर केळीचं खोड एरवी फेकूनच देतात. त्याचे तुकडे धुण्याच्या सोड्यात उकळायचे, मऊ झाले की धुवायचे, कुटून लगदा करायचा, त्यात फुलांचा रंग घालायचा आणि लगदा पाण्यात कालवून जाळीवर उचलायचा. जात-गाव काही न विचारता त्यांनी मला हे सगळं शिकवलं. ते उपकार मोठे आहेत.

हे साठ ताव केले तेव्हा आंटी दोन दिवस पालीला लेकीकडे गेल्या होत्या. सगळं मी एकटीने केलं. परत आल्यावर त्यांनी एक ताव उचलला, कोपरा जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं.

"सोडा हाय आत, वाळताना वर आला. किती वेळा पाणी बदललंस?"

"दोनदा."

"दोनदा? सात वेळा सांगितलेलं मी! तांदूळ धुतलेस काय? आणि म्हणे डिग्रीवाली!"

त्या हसल्या, पण माझा चेहरा बघून त्यांनी ताव खाली ठेवला.

मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले आहे. आमच्या घरातली पहिली पदवी. सोड्याने फुलांचे रंग बदलतात हे कॉलेजात मी माझ्या हाताने करून पाहिलं होतं. तरी हे झालं, कारण दुसऱ्या पाण्यानंतर बादली जमिनीवर ओतायला माझा हातच धजला नव्हता. मराठवाड्यातल्या आमच्या गावात आई आंघोळीचं पाणी कपड्यांना आणि कपड्यांचं झाडाला वापरायची. 'स्वच्छच तर दिसतंय,' असं मनाशी म्हणून मी थांबले होते. आंटींनी विचारेपर्यंत हे माझं मलाही कळलं नव्हतं. हिरव्या कागदापेक्षा त्याचाच धक्का मोठा होता.

बाबांना फोन केला. ते वॉचमन आहेत. रात्रपाळी संपवून, न झोपता, तसेच आले. ताव बघून एवढंच म्हणाले, "हे काय झालं गं माय?" मी पाण्याचं सांगितलं.

आंटींनी स्वतःच्या कामासाठी उकळून ठेवलेला केळीच्या खोडाचा धागा आमच्यापुढे आणून ठेवला. "घ्या. आता नीट धुवा."

बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि विहिरीवरून पाणी काढायला लागले. लहानपणी माझ्याकडून एक कळशी लवंडली, तेव्हा याच माणसाने मला फटका दिला होता. आता तेच बादल्या भरून ओतत होते आणि मी बघत राहिले होते.

पाचव्यांदा पाणी टाकल्यावर त्यांनी विचारलं, "बास ना आता, ताई?"

आंटींनी धागा बोटांत चोळला. "न्हाय भाऊ. बुळबुळतंय अजून."

बाबांनी डोळे मिटून पुढची बादली ओतली.

आठव्या पाण्याला धागा बोटांना खरखरीत लागला. त्याचे चाळीसच ताव झाले, फिकट, पण निळे. दुसऱ्या दिवशी वाळल्यावरही निळेच राहिले. जवळच्यांना या कागदाच्या पत्रिका द्यायच्या आणि बाकीच्यांना मोबाइलवर पाठवायची, असं आम्ही ठरवलं.

पण धागा धुतला त्या दिवशी, परतीच्या बसची वाट बघताना, बाबा हळूच म्हणाले होते, "किती पाणी सांडलं ते आईला सांगू नको हं."