गोग्रास आणि शेजारचं डुक्कर

नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या आमच्या घरामागे हातभर बाग होती आणि लाकडी कुंपणापलीकडे एक डुक्कर राहत होतं. काळं, पोट जमिनीला टेकलेलं, गळ्यात पट्टा बांधून कुत्र्यासारखं फिरायला जाणारं. शेजारी एकट्या राहणाऱ्या डच आजींचं ते. नवरा गेल्यावर त्यांनी ते आणलं होतं आणि दिवसभर त्या त्याच्याशीच बोलत. २००५ च्या सुमाराची गोष्ट. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे आम्ही तिथे गेलो होतो. मी तोवर डुक्कर पाहिलं होतं ते उकिरड्यावरच. भर शहरात असलं जनावर पाळू देतातच कसे, म्हणून मी नाक मुरडत असे. कुंपणाच्या बाजूला कपडेसुद्धा वाळत घालत नसे.

मग पुण्याहून सासूबाई आल्या. जेवायला बसण्याआधी गोग्रास काढायचा हा त्यांचा नेम. पोळीचा चतकोर, त्यावर तूप-गूळ, गायीसाठी. पुण्यात देवळाबाहेर गाय घेऊन बाई बसलेली असायची. हार्लेमच्या गाई गावाबाहेर, कुरणात. सुरुवातीला सासूबाई अगदी हिरमुसल्या आणि मग एकदम खुशीत दिसायला लागल्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. कुंपणाखालच्या फटीतून रोज चतकोर पलीकडे जात होता.

"अहो आई, ते डुक्कर आहे!"

"दिसतंय मला. वाट बघतं गं बिचारं."

नवरा म्हणाला, "आईने वराहावताराची आरती सुरू केली नाही म्हणजे मिळवली."

डुकराला तूप-गुळाची चटक लागली. एके दुपारी आम्ही बाहेर गेलो होतो आणि चतकोर काही आला नाही. त्याने फट उकरून भगदाड पाडलं, आमची बाग हुंगली आणि पुढच्या शेजाऱ्याच्या ट्यूलिपच्या कंदांचा फडशा पाडला. शेजाऱ्याने तक्रार केली. खेमेंटेचा, म्हणजे नगरपालिकेचा, माणूस आला. जनावर आवरत नसेल तर शहरात ठेवता येणार नाही, शेतावर पाठवावं लागेल, असं तो आजींना त्यांच्या बागेत उभा राहून सांगत होता. आजी परत परत एकच म्हणत होत्या, इतक्या वर्षांत हे कधी बाहेर पडलं नाही, आताच काय झालं ते कळत नाही. डुकराचा पट्टा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

सासूबाईंना डच ओ की ठो कळत नव्हतं, पण ते हात दिसत होते. मी सगळं सांगितल्यावर म्हणाल्या, "चल. सांग त्याला, मी घालत होते म्हणून."

"आई, आपण कशाला मध्ये पडायचं? परमिटवर राहतोय आपण."

मला खरोखरच भीती वाटत होती. पण त्या चपला घालून निघाल्यासुद्धा, मग मी काय करणार?

डच मला समजायचं, पण धड बोलता येत नव्हतं, म्हणून मी इंग्रजीत सगळं सांगितलं. तो माणूस गोंधळला. गायीचा घास डुकराला का?

"म्हणावं, दारात येईल त्याचा घास. इथे हेच आलं."

मी शब्दन् शब्द सांगितला. तो हसला नाही. थोडा विचार करून म्हणाला, भगदाड बुजवा आणि यापुढे कुंपणावरून किंवा खालून कुणीही काही द्यायचं नाही. पुन्हा तक्रार आली तर डुक्कर जाणार. आजींनी सासूबाईंचा हात धरला तो सोडेचनात.

विटा लावून भगदाड बुजवलं. सासूबाईंनी नियम पाळला, पण नेमही सोडला नाही. चतकोर काढून ताटाशेजारी ठेवायच्या आणि त्याच्याकडे बघत कसंबसं जेवायच्या. विटांपलीकडून जेवणाच्या वेळी बरोबर घुरघुर ऐकू यायची. मला, नाक मुरडणारीला, दोघांचंही वाईट वाटायचं.

सासूबाई परत निघाल्या त्या दुपारी पुढच्या दाराची बेल वाजली. ठेवणीतला कोट घालून आजी उभ्या होत्या आणि पट्ट्याला धरून ते डुक्कर. मी घाबरून म्हटलं, "अहो, पण त्या माणसाने..."

"त्याने कुंपणाचं सांगितलंय," आजी म्हणाल्या. "आम्ही दारात आलोय."

मी मागे वळून सासूबाईंना सांगायला गेले, तर त्या केव्हाच स्वयंपाकघरातून निघाल्या होत्या. हातात तूप-गूळ लावलेली पोळी होती. चतकोर नव्हे, अख्खी.