कुठं न्यायचं?

मुलीचं लग्न ठरलं आणि राहुरीच्या आमच्या घरी नाच शिकवायला एक तरुण मुलगी येऊ लागली. नगरहून एसटीनं यायची, पाठीवरच्या सॅकमध्ये छोटा स्पीकर. लग्नाच्या आदल्या दिवशीच्या संगीताच्या कार्यक्रमात आईबाबांनीही जोडीनं नाचायचं, हे लेकीनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

मी शाळेतून दमून यायची. केटररचा फोन, पाहुण्यांची सोय, ब्लाउजवाली, एवढं उरकलं की सोफा भिंतीला सरकवून आम्ही दोघं समोरासमोर उभे. माझा हात यांच्या खांद्यावर, यांचा माझ्या कमरेवर. लेकीदेखत असं उभं राहायचं म्हणजे दोघंही घामाघूम.

"काकू, तुम्ही लीड करताय," ती मुलगी सारखी म्हणायची. "लीड काकांनी करायचं. ते नेतील तिकडे तुम्ही जायचं."

मला कळायचं, पण जमायचं नाही. डीएडला असताना मी वर्गात सगळ्यांत उंच. गॅदरिंगच्या कोळीनृत्यात फक्त मुलीच, म्हणून मला दरवर्षी पुरुषाचा वेश. जोडीदारीण बदलायची, मी तीच. तिला ओढायचं, फिरवायचं, चुकली तर सावरून घ्यायचं. दुसरी बाजू मला कुणी कधी शिकवलीच नाही.

संसारातही तेच झालं. हे स्वभावानं मऊ. विद्यापीठाच्या रोपवाटिकेत नोकरी, रोपांशी बोलावं तसं हळू माणसांशी बोलणार. घर बांधताना, मुलीच्या अ‍ॅडमिशनला, सासूबाईंच्या ऑपरेशनला यांचं एकच, "तू बघ." लोक म्हणायचे, नशीबवान आहेस, नवरा शब्दाबाहेर नाही.

एका संध्याकाळी सरावात मी त्यांना वळवायला गेले आणि मध्येच थांबले.

"अहो, तुम्ही न्या ना मला."

"कुठं न्यायचं?" त्यांनी विचारलं. चेष्टा नव्हती, खरंच विचारलं.

मी खुर्चीवर बसले आणि मला रडू आलं. लेक सासरी जाणार म्हणून रडतेय, असं वाटून लेकही रडायला लागली. त्या मुलीनं स्पीकर बंद केला. यांनी पाणी आणलं. सगळे आत गेल्यावर म्हणाले, "मला वाटायचं, तुला आवडतं पुढं राहायला."

"आवडायचं. आता दमले हो मी."

ते ग्लास हातात धरून उभे राहिले.

संगीताच्या दिवशी त्यांनी सुरुवातच चुकीच्या पायानं केली. माझे हात शिवशिवत होते. जरा दाबलं असतं तर ते वळले असते. मी हात सैल सोडले. मला घेऊन ते स्टेजच्या कडेला वायरींपर्यंत गेले, अडले, परत फिरले. शिकवलेलं सगळं विसरून नुसते इकडून तिकडे. पाहुणे हसत होते, टाळ्या वाजवत होते. पुढचं पाऊल कुठं पडणार हे मला माहीत नव्हतं, आणि मी माहीत करून घेतलं नाही. थोडा वेळ डोळेही मिटले.

गाणं संपल्यावर त्यांनी कानाशी विचारलं, "बरोबर आलं का?"

"नाही," मी म्हटलं. "असू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपवाला दारात आला. "साहेब, खुर्च्या किती लावू?" मी आतल्या खोलीत पाठ टेकून पडले होते. यांनी सवयीनं हाक मारली, "अगं..." आणि मग तिथंच थांबले. जरा वेळानं त्यांनीच आकडा सांगितला. तेवढ्या खुर्च्या पुरणार नाहीत, हे मला पडल्या पडल्याच कळलं.

मी कूस बदलली. टेम्पोतून खुर्च्या उतरवल्याचे आवाज यायला लागले. मी काही उठले नाही.